आत आणखी कोणी?

पत्ते ठेवा जरा खाली. मेलेसियो तिथं शवपेटीत निजलाय आणि तुम्ही त्याच्या उशाशी खिदळताय. भुताची गोष्ट हवी ना? मग याचीच ऐका. त्यानंच मला सांगितलेली.

गेल्या वर्षी एक नोव्हेंबरची, मृतांची रात्र. मेलेसियो केळीच्या पानात बांधलेला गोड भात घेऊन पासिंगआजीकडे निघाला. दर वर्षी जायचा. तिचा धाकटा भाऊ ओस्मिंग आणि हा, दोघं आपल्या सान रोके गावचेच. एकाच वेळी अमेरिकी नौदलात लागले, एकाच युद्धनौकेवर. लढाई नव्हती, काही नव्हतं, आणि एक दिवस इंजिनखोलीत आग लागली. मेलेसियोनं दोन गोरे खलाशी ओढून बाहेर काढले. त्याला शौर्यपदक मिळालं. ओस्मिंग आतच गेला.

पासिंगआजी याला मानानं पहिल्या खुर्चीत बसवायची. शेजारणींना सांगायची, "यानं माझ्या भावाला शेवटपर्यंत शोधलं हो." आणि हा मान खाली घालून जेवायचा.

खरं काय झालं होतं? दुसऱ्या माणसाला बाहेर आणल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, "आत आणखी कोणी?" आतून ओस्मिंग हाका मारत होता, आपल्या भाषेत. त्या गोंगाटात गोऱ्यांना काही कळेना. याला शब्दन् शब्द कळत होता. पण 'आहे' म्हटलं, तर पुन्हा आत जावं लागणार.

हा म्हणाला, "नाही."

आग कोंडायला लोखंडी दार लावून घेतलं.

तर त्या रात्री जेवून हा परत निघाला. बारा वाजून गेलेले. दारोदारच्या मेणबत्त्या विझलेल्या. मागे पावलं वाजली. हा थांबला. तीही थांबली. जळक्या तेलाचा वास... यानं वळून पाहिलं नाही.

फाटकाशी नात उभी होती, जोवी; आजोबाला 'लोलो' म्हणायची. हातात कुलूप.

"लोलो, मागे अजून कोणी आहे का? की लावू?"

यानं तोंड उघडलं...

"नाही. लाव."

जोवी झोपायला गेली. हा पायरीवरच बसला. मग फाटकाच्या पत्र्यावर थाप पडली. हळू. पुन्हा एक.

"दादा... मी आहे ना..."

पहाटेपर्यंत. हा उठला नाही.

उजाडल्यावर अनवाणीच पासिंगआजीकडे गेला. सगळं सांगितलं. म्हातारी रडली नाही. एवढंच म्हणाली, "आणि इतकी वर्षं माझ्या घरी जेवलास?"

काय म्हणतोस, बेनजो? स्वप्न पडलं असेल? मीही त्याला तेच म्हणालो. तो उठला. मला फाटकाबाहेर घेऊन गेला. आतला हिरवा रंग गुळगुळीत. बाहेर मात्र माणसाच्या छातीइतक्या उंचीवर रंगाला फोड आलेले. मीच खरवडून नवा हात दिला. दोनदा.

मघाशी येताना पाहिलं. पुन्हा आलेत.

हात लावला मी...

पत्रा अजून गरम आहे.