ब्लॉगवाली आजी

ही घटना खरी आहे. खोटी असती तर दुर्गेशनं ती जरा कमी किळसवाणी केली असती.

नागपूर, धरमपेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मे महिन्यातला बुधवार. आणि रात्र नाही, भर दुपार. या दिवसांत नागपुरात दुपारी एकला भूतसुद्धा रस्त्यावर फिरत नाही.

फिरत नाही, कारण ते घरात बसतं.

दुर्गेश आपल्या चार वर्षांच्या वेदिकासाठी ब्लॉग लिहायचा. पहिलं पाऊल, पहिला ताप, पहिली उलटी (फोटोसकट). पोरगी मोठी झाली की वाचेल म्हणून. रोज झोपवताना तो तिला वाचूनही दाखवायचा.

त्यात फक्त आजी नव्हती. दुर्गेशची आई, रुख्मिणीबाई, वेदिका जन्मायच्या वर्षभर आधीच गेली होती.

पोरीला आजीची एक तरी आठवण असावी, म्हणून त्यानं उष्टावणाच्या पोस्टमध्ये एक थाप घुसवली. 'आजीनं ज्वारीची भाकर आधी स्वतः चावली, मऊ केली, मग तुझ्या तोंडात घातली.'

अगदीच थाप नव्हती म्हणा. आईनं त्याला सहा वर्षांचा होईस्तोवर असंच भरवलं होतं.

ती वाचून दाखवली, त्याच्या चौथ्या दिवसापासून वेदिका जेवेना.

"पोट भरलं."

"कोनं भरवलं वं तुले?"

"आजीनं."

"कोनत्या आजीनं?"

"ब्लॉगवाली."

दुर्गेश हसला. त्याची बायको उन्नती हसली नाही. तिनं पोरीचं तोंड हुंगलं.

गुडाखूचा वास... रुख्मिणीबाई हिरड्यांना लावायची, त्याच तंबाखूचा.

"जित्तेपणी तुमच्या आईनं माझ्या हातचं पाणी हुंगून हुंगून पेलं," उन्नती म्हणाली. "अन् आता माझ्या लेकराले जेवू देऊन नाही राहिली!"

आठवडाभर पोरगी घरच्या घासाला शिवली नाही. डॉक्टरांनी वजन केलं. सव्वा किलोनं वाढलं होतं. डॉक्टर खूश.

त्या बुधवारी दुर्गेशनं ती पोस्ट डिलीट केली.

बरोबर एक वाजता लाईन गेली. कूलर थांबला. घर एकदम गप्प...

मग बेडरूममधून... चप... चप... चप...

दात नसलेलं तोंड काहीतरी चावत होतं.

दोघं धावले. वेदिका भिंतीकडे तोंड करून बसली होती. मान वर, तोंड आ वासलेलं, चिमणीच्या पिलासारखं. समोर कोणीच नव्हतं...

तरी तिचा गाल हळूहळू फुगला.

दुर्गेशनं बोट घालून बाहेर काढलं. राखाडी, कोमट, लाळेनं बुळबुळीत गोळा. त्यात एक केस. तो ओढला, तर येतच राहिला. हातभर. अर्धा पांढरा, अर्धा मेंदीचा.

"थुंक! वेदू, थुंक!"

"थुंकू नको म्हणते," वेदिका म्हणाली. "टोपलं भरून आहे म्हणते."

गाल पुन्हा फुगला. आता दोन्ही. श्वास घुरघुरायला लागला. उन्नतीनं तिला उपडी धरून पाठीत थापट्या मारल्या. काही बाहेर येईना. ओठ निळे पडत चालले.

दुर्गेशनं रिकाम्या भिंतीला हात जोडले.

"आई, तिले नको वं. मले भरव."

चावण्याचा आवाज थांबला.

वेदिकानं गोळा थुंकला, रडली आणि वरण-भात मागितला. दोन वाट्या खाल्ला.

दुर्गेशला मात्र बोलता येत नव्हतं. तोंडात काहीतरी कोमट आलं होतं...

सगळ्यात ओंगळ गोष्ट म्हणजे चव ओळखीची होती.

त्यानं गिळलं.

याला दोन महिने झाले. ब्लॉग बंद आहे. दुर्गेशचा टिफिन ऑफिसातून तसाच परत येतो. रोज एकला तो तिथल्या जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसतो. वजन नऊ किलोनं वाढलंय. मित्र म्हणतात, वहिनीच्या हाताला चव आहे.

इथवर त्याला सहन होतं. होत नाही ते परवाचं.

"बाबा, पोळी वातड आहे," वेदिका म्हणाली.

"आण इकडे."

उन्नती स्वयंपाकघरात होती. आपलं लक्ष टीव्हीकडे होतं, असं दुर्गेश शपथेवर सांगतो.

भानावर आला तेव्हा गोळा त्याच्या चिमटीत होता. मऊ. कोमट...

आणि वेदिकानं तोंड उघडलं होतं.