गैरहजर वाचकाचं पान

नांदेड आणि लातूरचं एकमेकांशी पटत नाही, हे मराठवाड्यात शाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. आयुक्तालय कुठं व्हावं, कुठली गाडी कुठून सुटावी, कुणाच्या क्लासमधून जास्त डॉक्टर निघतात, कशावरूनही जुंपते. अशा दोन गावांतल्या माणसांनी मिळून वाचनाचा ऑनलाइन क्लब काढला आणि त्याला 'दोन गावं, एक पान' असं गोड नाव दिलं, याचं नवल करावं तेवढं थोडं.

सभासद सात. लातूरचे चार, नांदेडकडचे तीन. सगळी भानगड या आकड्यांतच होती. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता सगळे आपापल्या स्क्रीनपुढं बसायचे, प्रत्येक जण आपण सुचवलेल्या पुस्तकाचं पहिलं पान वाचून दाखवायचा, मग मतदान. आणि दर महिन्याला लातूरकरांचं पुस्तक चारास तीन अशा मतांनी निवडून यायचं. वर्षभर नांदेडकरांनी हे सोसलं. मग नाजियानं एक तोडगा काढला.

नाजिया नांदेडला वजिराबादेत रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. तिथं नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, म्हणून तपासणाऱ्याचा हात कुणासाठी झुकत नाही. तेच तिनं क्लबात आणलं. वाचन सुरू होण्याआधी सगळ्यांनी कॅमेरे बंद करायचे आणि स्क्रीनवरचं आपलं नाव पुसून तिथं फक्त 'वाचक' लिहायचं. चौकटी सात, सगळ्या काळ्या, सगळ्यांवर एकच नाव. वाचताना आवाज थोडा बदलून वाचायचा. मतं पडली की मग नावं परत लावायची आणि कॅमेरे उघडायचे. मीटिंग सुरू करणं, एकेकाला आत घेणं हे काम नाजियाचं.

तोडगा नामी निघाला. कुणाचं पुस्तक कुठलं ते कळेना, तशी निवडीला रंगत चढली. रविवारची वाट लोक शुक्रवारपासून बघू लागले. फक्त एक गोष्ट तशीच राहिली. नाजियाचं पुस्तक काही निवडून येईना.

तिला त्याचं फार लागायचं. घरात भाजी सासूच्या मनानं, टीव्ही पोरांच्या मनानं, सुट्टी लॅबच्या मालकाच्या मनानं. जगात एक तरी जागा अशी असावी, जिथं आपण बोट ठेवू ते सात माणसं महिनाभर वाचतील, एवढंच तिला हवं होतं. ती पहिलं पान घरात मोठ्यानं वाचून बसवायची. तिचा नवरा जुबेर, ज्याचं चष्म्याचं दुकान होतं, तो चिडवायचा, "एवढा रियाज कशाला करून राहिलीस? मुशायरा हाय का?" ती हसायची, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

ऑगस्टमधल्या रविवारी ती वाचून मोकळी झाली. बरं झालं होतं वाचन. मग शेवटच्या चौकटीचा माइक उघडला.

"त्या घरात रोज एक ताट जास्त वाढलं जायचं, आणि रोज ते रिकामं व्हायचं."

नाजियानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. गोष्ट साधीच होती. खेड्यातलं एक घर, माणसं जेवायला बसलेली, कोण कुठं बसलंय, कुणाला मीठ लागतं. पण आवाज असा होता की वाचणारा त्या घरातच बसलाय आणि हळूच आपल्याला सांगतोय. पान संपलं. मग मतं पडली. सातच्या सात. तिनं स्वतःचं मतही त्यालाच दिलं होतं, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

नावं परत लागली, कॅमेरे उघडले. एक चौकट तेवढी काळीच राहिली. मन्मथ सर दिसत नव्हते, म्हणजे ती त्यांचीच. मन्मथ सर लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे.

"सर, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात," धम्मप्रिया म्हणाली. ही लातूरला बँकेत अधिकारी, आणि नाजियाची क्लबातली जिवाभावाची मैत्रीण. "पुस्तकाचं नाव तर सांगा."

 थोड्या वेळानं काळी चौकट बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मन्मथ सरांचा निरोप आला. उदगीरला सासुरवाडीला गेलो होतो, मोबाइल पाण्यात पडला, आज चालू झाला, मीटिंग हुकली, माफी असावी.

ग्रुपवर एकच दंगा उडाला. मग वाचलं कुणी? कुणा तिऱ्हाइताच्या हाती लिंक लागली असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि घाबरायचं सोडून सगळे खूश झाले. एवढं सुंदर वाचणारा चोर कुणाला नको असतो? ते पुस्तक शोधायची सगळ्यांना झिंगच चढली. मन्मथ सरांनी लातूरच्या गंजगोलाईच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. नाजियानं जेवणाच्या सुट्टीत दोन ग्रंथालयं गाठली. धम्मप्रियानं ती पहिली ओळ इंटरनेटवर टाकून बघितली. असलं पुस्तक कुठंही नव्हतं. महिना गेला, क्लबानं काहीच वाचलं नाही आणि त्याची कुणाला खंतही वाटली नाही.

सप्टेंबरला नाजियानं पक्का बंदोबस्त केला. लिंक नवी, आणि मोबाइलचा नंबर जुळल्याशिवाय कुणालाही आत घेणं नाही. सात नंबर जुळले, सात जण आत आले. कुलूप नीट लागलंय ना ते दोनदा बघणाऱ्यातली ती, तिनं यादीवर पुन्हा नजर फिरवली. सगळं बरोबर होतं.

सहावं वाचन संपलं आणि सातव्या चौकटीतून तोच आवाज आला.

"धाकटा उशिरा आला, तोवर सगळ्यांची जेवणं झाली होती. त्याचंही झालं होतं."

नाजियाच्या मानेवर काटा आला, आणि त्याच वेळी तिला वाटलं, हे संपू नये. दुसरं पान पहिल्यापेक्षा सरस होतं. धाकटा उंबऱ्यात उभा आहे, आई त्याच्याकडं बघते आणि विचारते, पाव्हणं कुठले? तिथं पान संपलं. मतं पुन्हा सातही त्यालाच.

कॅमेरे उघडले. या खेपेला ती चौकटही उघडली. आत संघपाल होता. हदगावचा कृषी सहायक, एरवी अडखळत वाचणारा. गळ्यात टॉवेल, मागं त्याच्या खोलीतली ओळखीची निळी भिंत. तो नुसता हसत होता.

"संघपाल, लेका, पोटात काय काय ठेवून होतास," मन्मथ सर म्हणाले.

"पुढचं पान पुढच्या महिन्यात," संघपाल म्हणाला, आणि गेला.

नाजियाला राहवेना. तिनं सोमवारी दुपारी त्याला फोन लावला.

"ताई, मी काल नव्हतोच," संघपाल म्हणाला. "सोयाबीनचे पंचनामे चालू हायेत. दिवसभर शेतात होतो, मोबाइल बंद पडलेला. सकाळपासून ग्रुपवर सांगून राहिलो, कुणी ऐकतच न्हाई."

"आम्ही तुला बघितलं, संघपाल. टॉवेल होता तुझ्या गळ्यात."

संघपालनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "घरी आलो तर बायको म्हणे, तुम्ही बाहेर कधी गेलात? मघा तर आतल्या खोलीत वाचत बसला होतात." आणि हसला, पण ते हसू त्याला नीट जमलं नाही.

नाजिया लॅबमध्ये परतली खरी, पण तिचं लक्ष कामात लागेना. दोन्ही वेळा काय सारखं होतं? ऑगस्टमध्ये मन्मथ सर आले नाहीत, सप्टेंबरमध्ये संघपाल आला नाही. जो येत नाही त्याची जागा तो वाचणारा घेतो. जागा रिकामी नसली तर? तिला भीती वाटायला हवी होती, पण परीक्षेत अवघड गणित सुटल्यावर वाटतं तसं वाटत होतं. तिनं हे ग्रुपवर सांगितलं आणि प्रत्येकाकडून शब्द घेतला. ऑक्टोबरच्या रविवारी काहीही होवो, घरात लग्न असो, कुणीही गैरहजर राहायचं नाही. सगळ्यांनी उत्साहानं हो म्हटलं. मन्मथ सरांनी तर त्या दिवशीचा जादा क्लासच रद्द केला.

आणि नाजियाला आणखी एक गोष्ट कळत होती, जी तिनं कुणाला सांगितली नाही. तो वाचणारा आला नाही, तर या महिन्याला निवड पुन्हा माणसांमध्ये होणार होती. आणि या वेळी तिच्याकडं पुस्तक होतं.

ते तिच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं होतं, किनवटला. बेगमबी खाला तिथल्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक करून थकलेली. तिच्या पेटीत जंगलातल्या दवाखान्यात काम केलेल्या एका नर्सच्या आठवणींचं जुनं पुस्तक होतं. लहानपणी नाजियानं ते तिथंच चुलीपाशी बसून वाचलं होतं. शनिवारी ती किनवटला गेली, पुस्तक घेतलं, खालाच्या हातचं जेवली आणि रविवारी सकाळच्या गाडीत बसली. दुपारी बाराच्या आत नांदेड, चारला मीटिंग. पुस्तकाचं नाव तिनं जुबेरलाही सांगितलं नव्हतं.

गाडी भोकरच्या पुढं थांबली. पुढं रुळावर काही काम निघालं होतं म्हणे. डब्यात उकडत होतं, बाहेर कापसाची शेतं, मोबाइलला रेंजची एकही दांडी नाही. एक वाजला, तीन वाजले. साडेतीनला नाजिया उठून दारात गेली आणि हात लांब करून मोबाइल वर धरला. शेजारची बाई म्हणाली, "काहून एवढी तळमळ करून राहिलीस पोरी? सुटंल की गाडी."

चार वाजले. नाजियानं स्वतःची समजूत घातली. मीटिंग आपणच सुरू करतो, लॅपटॉप घरी बंद आहे, आपल्याशिवाय कुणी आत जाऊच शकत नाही. आज मीटिंग होणारच नाही. तेवढ्यानं तिला बरं वाटलं.

गाडी मुदखेडला लागली तेव्हा उन्हं कलली होती. फलाटावर पाय ठेवला आणि मोबाइल हातात थरथरायला लागला. ग्रुपवर निरोपांवर निरोप.

'नाजियाताई, अखेर जिंकलात.'

'सातपैकी सात. मानलं.'

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. डोळ्यांत पाणी आलं, फलाटावर उभ्या उभ्या ती हसली. मग हसू हळूहळू थांबलं. तिनं पिशवीत हात घालून बघितलं. पुस्तक तिथंच होतं.

तिनं धम्मप्रियाला फोन लावला.

"बोल गं," धम्मप्रिया खुशीत होती. मागं भांड्यांचा आवाज. "आत्ता तर बोलत होतो, लगेच फोन? मी चहा टाकायला आत आलेय."

"धम्मा, आज मी काय वाचलं?"

"आता भाव खाऊन राहिलीस होय? ती नर्स, कंदील घेऊन रात्री नाला ओलांडते, पलीकडं बाळंतीण. अगं, माझ्या अंगावर काटा आला. आजवर असं कुणी वाचलं नव्हतं."

ते खालाच्या पुस्तकाचं पहिलंच पान होतं. नाजियानं पिशवी छातीशी धरली.

"मी मुदखेडला आहे, धम्मा. गाडी अडकली होती. मी आज नव्हतेच."

धम्मप्रिया हसली. "काहीतरीच. तूच तर एकेकाला आत घेतलंस."

"धम्मा, खरंच सांगतेय."

"बरं बाई. थांब, लॅपटॉप चालूच राहिलाय बाहेर, तो बंद करते आणि निवांत बोलू."

चपलांचा आवाज आला. दार सरकल्याचा आवाज आला. 

"धम्मा?"

"तू तर इथंच आहेस," धम्मप्रिया अगदी हळू म्हणाली. "स्क्रीनवर. जुबेरभाई आत्ता चहा ठेवून गेले तुझ्यापुढं."

"ती मी नाही. धम्मा, ऐक माझं."

"तुम्ही कोण बोलताय?"

इतक्या दिवसांत धम्मप्रियानं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.  पलीकडं धम्मप्रियानं फोन तोंडापासून लांब धरला.

"नाजिया, तुझ्याच नंबरवरून कुणीतरी बोलून राहिलंय बघ."

लॅपटॉपमधून उत्तर आलं. आवाज नाजियाचा होता, जिंकलेला, मजेतला.

"असेल कुणी. ठेव फोन. माझा चहा गार होऊन राहिलाय."

धम्मप्रियानं फोन ठेवला.