फुटाण्याचा शांतांक

सकाळी साडेसहाला मित्रा डोंगरे कामावर निघत असे, आणि निघताना कुत्र्याच्या पिल्लाचा निरोप घ्यायचा नाही, असा नियम होता. पिल्लाला ठेवायच्या पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तो ठळक अक्षरांत छापला होता. निरोप घेतला की आपण चाललो हे पिल्लाला कळतं आणि ते रडायला लागतं, म्हणून चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता सटकायचं. स्वतःच्याच घरातून मित्रा गेले सात आठवडे चोरासारखी बाहेर पडत होती.

पेटीचं नाव ‘कुशी’. तिला पिंजरा म्हणायचं नाही, हा आणखी एक नियम. भांडी घासायला येणाऱ्या मंदाबाई मात्र पहिल्या दिवसापासून तिला पिंजराच म्हणत आल्या होत्या. “दार लागते न? मग पिंजराच झाला नं बाई,” असं त्यांचं म्हणणं. मित्रा हसून सोडून देई.

पिल्लू आणायची हौस नवराबायको दोघांची होती, वेळ मात्र एकाकडेही नव्हता. मित्रा नागपुरातच वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात बारा तासांची पाळी करायची. सुजित हिंगणघाटच्या सूतगिरणीत, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास वेगळेच. दोन महिन्यांचं ते तांबूस पिल्लू घरी आलं तेव्हा गरम तव्यावर टाकल्यासारखं चारी पायांवर उड्या मारत होतं, म्हणून नाव पडलं फुटाणा. पहिल्याच आठवड्यात त्याच्या रडण्याने सहाव्या मजल्यावरचे सगळे शेजारी दाराशी जमले. मग कुशी आली.

कुशीची करामत साधी होती. छताला बसवलेलं बोटाएवढं रडार पिल्लाला न शिवता त्याचा श्वास आणि हालचाल टिपायचं, माइक आवाज ऐकायचा. या तिन्हींवरून शंभरपैकी एक आकडा निघे. त्याला कंपनीने शब्द काढला होता शांतांक. पिल्लू कुरकुरलं किंवा उठून दाराशी गेलं की शांतांक घसरे. तो घसरला की पेटीतून मालकिणीचा आवाज येई, तिच्या जुन्या ओढणीचा वास हलकेच सोडला जाई, आणि पिल्लू आडवं झालं की नळीतून चिकनच्या खिमटीचा एक थेंब. आवाज आला, झोपलो, खाऊ मिळाला. दहा दिवसांत फुटाणा गप्प झाला.

आवाजाबद्दल पुस्तिकेत एक ओळ होती. पेटीला एकच शब्द द्या, बाकीचे स्वतःसाठी ठेवा. मित्राने ती वाचली होती. पण तिला वाटलं, बारा तास बिचारं एकच शब्द ऐकत पडणार, त्यापेक्षा आपला भरपूर आवाज असू दे. एका रविवारी तिने अर्ध्या तासात चाळीस वाक्यं पेटीला सांगून टाकली. ‘फुटाण्या’, ‘ये इकडे’, ‘चल फिरायला’, ‘आले हं मी’, होती नव्हती ती सगळी. मायेपोटी केलेली चूक ही चूक वाटतच नाही, हा तिचा मोठा धोका असतो.

आणि फळही गोड दिसत होतं. संध्याकाळी घरी येऊन मित्राने “फुटाण्या, आले हं मी!” म्हटलं की तो जागच्या जागी पोट टेकून आडवा व्हायचा. पाहुण्यांना दोघं कौतुकाने दाखवत. सुजित म्हणायचा, “आमच्या घरात तिचं ऐकणारे आता दोन झाले.” सगळे हसत. भांडी पुसणाऱ्या मंदाबाई तेवढ्या हसत नसत.

त्या मंगळवारी पारा अठ्ठेचाळीसच्या पुढे गेला होता. बारा ते चार दुपारबंदी होतीच. गेली तीन वर्षं मे महिन्यात त्या वेळात रस्त्यावर यायला मनाई असे. घरकाम करणाऱ्या बाया जिथे असतील तिथे अडकत, मंदाबाई समोरच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इतर बायांबरोबर चटई टाकून बसत. विजेची मागणी इतकी चढली होती की एकेका वस्तीची वीज तासभर बंद ठेवून दुसरीकडे द्यावी लागत होती. ते आळीपाळीने बंद करण्याचं काम मित्राचं.

बारा चाळीसला यादीत तिच्याच वस्तीचं नाव आलं. तिने क्षणभर पाहिलं आणि बटण दाबलं. एक तास तर आहे, भिंतींतला गारवा तेवढा टिकतो. शिवाय वीज गेली की कुशीचं दार आपोआप उघडतं, ही सोय तिने खास विचारून घेतली होती. बाथरूमचं दार उघडं होतं, तिथली फरशी दिवसभर थंड असे, पाण्याचं भांडंही तिथेच होतं. फुटाणा जाईल उठून.

एक चाळीसला तिने वीज परत सोडली आणि त्या भाराने वस्तीतला ट्रान्सफॉर्मर बसला. दुरुस्तीला किमान तीन तास, असा निरोप आला.

मित्राने फोनवर घर उघडलं. कुशी आणि खोलीतला कॅमेरा बॅटरीवर चालू होते, चित्र स्वच्छ दिसत होतं. पश्चिमेची खोली, वीतभरच उघडणाऱ्या काचा, तापमान एक्केचाळीस. पेटीचं दार सताड उघडं. आत फुटाणा आडवा पडलेला, जीभ बाहेर, बरगड्या भराभर हलताहेत. आणि कोपऱ्यात हिरवा आकडा, शांतांक त्र्याण्णव.

तिचा विश्वास बसेना. एवढी धाप लागलेली असताना त्र्याण्णव? मग तिला आठवलं. उन्हाळ्यात कुत्री धापतातच आणि पेटी उगाच सूचना पाठवत बसते, अशा तक्रारी झाल्या होत्या, तेव्हा कंपनीने एप्रिलमध्ये धाप हिशेबातून वगळली होती. तक्रार करणाऱ्यांत मित्राही होती.

“फुटाण्या!” तिने फोनमधून हाक मारली. पेटीतून तिचा आवाज घुमला. “ये इकडे! चल, बाथरूममध्ये चल!”

फुटाण्याने मान उचलली. कान उभे केले. आणि मान परत खाली टेकवून तो नळी चाटायला लागला.

“ऊठ ना रे! चल फिरायला!”

तो आणखी सपाट झाला. नळीतून थेंब आला. शांतांक पंच्याण्णव.

समोरच्या पडद्यावर नव्या वस्तीचं नाव लुकलुकत होतं. दर दहा मिनिटांनी एक वस्ती बंद, एक चालू. खुर्ची सोडून जावं तर कुणाची तरी वीज यायची राहून जाणार, आणि असल्या उन्हात तो वाढीव अर्धा तास कुणा म्हाताऱ्याच्या जिवावर बेतणार. बोलावला तरी बदलीचा माणूस दुपारबंदी उठल्यावर, चारशिवाय येणार नव्हता. मित्राने बटणं दाबली. तिने सुजितला फोन केला.

“मी निघतोच,” तो म्हणाला. “पण दुपारबंदीत नाक्यावर अडवतील. दोन तास धर. तोवर तू बोलत राहा त्याच्याशी. तुझंच ऐकतो तो.”

तापमान बेचाळीस. मित्रा बोलत राहिली. ओरडली, लाडाने बोलली, शेवटी रडकुंडीला येऊन विनवलं. प्रत्येक हाकेला पिल्लू मान उचलायचं आणि शहाण्यासारखं झोपायचं. मग हाका थांबल्या असताना एकदा ते आपणहून उठलं. लटपटत दाराशी आलं, एक पाऊल बाहेर टाकलं. मित्राने श्वास रोखला.

तेवढ्यात पेटीने हालचाल टिपली. “आले हं मी,” मित्राचा आवाज म्हणाला, शांत, हसरा, रविवारच्या फुरसतीतला. फुटाणा थबकला. पाऊल मागे घेतलं. आत जाऊन आडवा झाला.

तेव्हा तिला कळलं. लख्ख कळलं. तो हट्टी नव्हता, घाबरलेलाही नव्हता. तिचं ऐकत होता. सात आठवडे ती त्याला हेच शिकवत आली होती, की माझा आवाज आला की मी येत नसते, तू फक्त पडून राहा. त्याला वाचवायचं असेल तर आता तिने तोंड बंद ठेवायला हवं होतं.

तिने पेटीचा आवाज बंद करायला घेतला. पेटीने विचारलं, पिल्लू एकटं पडेल, खात्री आहे? तिने हो दाबलं. आवाज गेला, नळी बंद झाली. पण फुटाण्याच्या अंगात आता उठायचं त्राण दिसेना. तो छताकडे, आवाज यायच्या जागेकडे बघत पडून राहिला. त्रेचाळीस. शांतांक सत्त्याण्णव, आणि खाली एक ओळ, ‘छान! आजवरचा सर्वोत्तम दिवस.’

मित्राने मंदाबाईंना फोन लावला. घराची किल्ली त्यांच्याकडेच असे. पण फोन लागला तशी तिची जीभ अडखळली. साठीची बाई, बाहेर अठ्ठेचाळीस, लिफ्ट बंद, सहा मजले. कोणत्या तोंडाने सांगायचं?

“मंदाबाई, फुटाणा घरात अडकलाय. पण तुम्ही… रस्ता ओलांडावा लागेल, दुपारबंदी आहे…”

“पिंजऱ्यातच हाय का?”

“दार उघडं आहे. बाहेर येत नाहीये.”

“तुम्ही त्याले बोलावलं काय?”

“हो. खूप वेळा.”

“आता नका बोलावू,” मंदाबाई म्हणाल्या. “मी येऊन राह्यली. जिन्यात बसत बसत येतो, फोन नका करू मले.”

मग वाट पाहणं. दोन वस्त्या बंद केल्या, दोन चालू केल्या. फोन मांडीवर उघडा. फुटाण्याची धाप आता वरवरची झाली होती, जीभ काळपट दिसत होती. मित्राच्या ओठावर त्याचं नाव येत होतं आणि ती ते दाताखाली दाबून धरत होती. बारा मिनिटं गेली. एखाद्याला हाक न मारणं एवढं जड असतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. तेराव्या मिनिटाला चित्रात दार उघडलं.

मंदाबाई भिंतीला धरून आत आल्या. चेहरा लाल, पदर ओला करून डोक्याला गुंडाळलेला. त्यांनाही धाप लागली होती. त्यांनी गोड हाक वगैरे काही मारली नाही. दारातूनच करवादल्या, “ऊठ बे फुटाण्या! काऊन पडून राह्यला असा? उठतं का नाही?”

शेपूट हललं. एकदा, मग पुन्हा. फुटाण्याने पुढचे पाय ताणले, कोलमडला, पुन्हा उठला आणि फरशीवर घसरत घसरत त्यांच्या पायाशी जाऊन पडला. मंदाबाईंनी त्याला उचललं आणि त्या बाथरूमच्या दिशेने चित्राबाहेर गेल्या. थोड्या वेळाने नुसता पाण्याचा आवाज ऐकू आला. मित्रा नियंत्रण कक्षात, सगळ्यांसमोर, तोंडावर हात धरून रडली, आणि रडता रडता तिने पुढची वस्ती चालू केली.

घरी पोचायला तिला साडेपाच झाले. वीज नुकतीच आली होती. सुजित आधीच पोचला होता, डॉक्टरांना दाखवून आणलं होतं. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले होते. आता तो कुशीची वायर गुंडाळत बसला होता. मंदाबाई बाथरूमच्या उंबऱ्यावर, भिजलेल्या साडीने, आणि फुटाणा त्यांच्या मांडीवर. मित्राने आधी वाकून मंदाबाईंचे पाय धरले. त्यांनी ते मागे ओढले.

मग तिला राहवलं नाही. “फुटाण्या,” ती म्हणाली.

फुटाणा मांडीवरून उतरला. ओल्या फरशीवर पोट टेकून, अगदी शिकवल्याप्रमाणे, सपाट झाला. नजर तिच्याकडे नव्हती. कुशी होती त्या कोपऱ्याकडे होती.

“तुमचा आवाज आला का तो तसंच करते बाई,” मंदाबाई म्हणाल्या. “मी रोज पाह्यतो. तुम्ही घरात नसता, पिंजरा बोलते, अन् हा निजते.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही मला?”

“तुम्ही हासत होत्या नं. मले वाटलं, तुम्हीच शिकवलं असन.”

सुजितचे हात वायरीवर थांबले. उद्या साडेसहाला पुन्हा पाळी होती, परवाही, आणि उन्हाळा अजून महिनाभर होता. मंदाबाई उठता उठता म्हणाल्या, “दुपारची मी इथंच बसत जाईन त्याच्यापाशी. तळघरात तरी काय कराव?” दोघांनी मान डोलावली.

मित्रा जमिनीवर बसली. त्याच्यापासून दोन हात लांब. काही न बोलता तिने हात पुढे केला, तळवा वर. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग फुटाण्याचं नाक हललं. सरपटत तो वीतभर पुढे आला, तिच्या बोटांचा वास घेतला, थांबला, आणि मान वर करून पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिला सांगायचं होतं, आले हं मी. पण हे वाक्य तो दिवसातून पन्नासदा ऐकत आला होता, आणि त्या वाक्यामागून आजवर कुणीच आलं नव्हतं. आता ती खरोखर आली आहे, हे त्याला सांगायचं कसं?