पहिला हात

शिडी चढायची नाही असं डॉक्टरांनी रंगाऱ्याला बजावून तीन महिने झाले होते. छाती पोखरली होती. चाळीस वर्षं घासलेल्या भिंतींची धूळ आत गेली, ती आता खोकल्यावाटे परत येत होती. किती दिवस उरलेत हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. पण बायको हल्ली त्याच्यावर चिडेनाशी झाली होती, त्यावरून काय ते तो समजला.

म्हणून एका बाईंचा फोन आला, एकच भिंत आहे, नुसती बघून तर जा, तेव्हा तो लगेच हो म्हणाला. घरी बसून बसून त्याला गंज चढला होता. बायकोनं कपाळाला आठ्या घातल्या, पण जेवण झाल्यावर ब्रशांची पिशवी तिनंच हातात दिली.

घर उताराच्या टोकाला, बैठं, एकटं. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. कपडे परीटघडीचे, बोलणं अदबीचं. बोळातून त्यांच्या मागं जाताना त्याला खटकला तो वास. ताज्या रंगाचा वास होता, पण त्याच्याखाली दुसरा कुठलाच नव्हता. माणसं राहतात त्या घराला स्वयंपाकाचा, ओल्या टॉवेलचा, औषधाचा, काही ना काही वास असतोच. इथं काहीच नव्हतं.

खोलीच्या उंबऱ्यावर त्याचा खोकला थांबला. उबळ ओसरली असं नव्हे, छातीत खोकला उरलाच नाही. त्यानं श्वास ओढून पाहिला. विशीतल्यासारखा थेट तळापर्यंत गेला.

सामान खोलीच्या मधोमध सारून पांढऱ्या चादरींनी झाकलेलं होतं, रंगकामाच्या वेळी झाकतात तसं. पलीकडं भिंत. भिंतीला शिडी, शिडीवर एक पाठमोरा माणूस, आणि ब्रशचा आवाज. सस्… सस्… ब्रश वर जाताना मनगट किंचित बाहेर वळत होतं. तसा हात मारणारा आणि तसा शिकवणारा या जगात एकच माणूस झाला होता.

"आलास, धाकट्या," शिडीवरचा म्हणाला.

तो थोरला भाऊ होता. तीस वर्षांपूर्वी शिडीवरून पडून गेलेला. त्या दिवशी शिडी धाकट्यानं धरायची होती आणि तो पाणी प्यायला गेला होता. एवढंच घडलं होतं. कुणी त्याला बोल लावला नाही, आणि तेच त्याला जन्मभर सलत राहिलं. थोरला वळला. चेहरा चौतिशीचाच. धाकटा बासष्टचा, आता त्याचा बाप शोभला असता.

थोरला काम न थांबवता सांगत राहिला. इथं दुखत नाही, भूक लागत नाही, झोप येत नाही, कुणी मरत नाही. दारातून बाई म्हणाल्या की ज्यांचे दिवस भरत आले त्यांनाच त्या बोलावतात, आणि बोलावतात ते एकदाच. बाहेर मेल्यावर पुढं काही आहे की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खोटं कशाला बोला, रंगाऱ्याला मोह पडला. छातीभर श्वास आणि समोर भाऊ, आणखी काय हवं माणसाला? तो भिंतीपाशी गेला आणि सवयीनं बोट लावून पाहिलं. ओली होती.

"हा कितवा हात, दादा?"

"पहिला."

"कधीपासून?"

थोरला आठवू लागला. बराच वेळ आठवत राहिला. "वाळत नाही रे… वाळला की दुसरा देऊ. आपल्याला कुठं घाई आहे…"

मागं एक चादर हलली. खिडक्या तर बंद होत्या. रंगाऱ्यानं नीट पाहिलं, आणि चादरींखाली खुर्च्या-टेबलं नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. गुडघे होते. खांदे होते. पुढं झुकलेली डोकी होती.

"भिंत झाली की उठायचंय त्यांना," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तोवर बसलेत बिचारे."

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि काट्यामागोमाग संताप. आजवर त्यानं शेकडो भिंती रंगवल्या होत्या. साऱ्या वाळल्या. मग लोकांनी त्यांत खिळे ठोकले, पोरांनी रेघोट्या ओढल्या, ओल येऊन पोपडे धरले. तोवर हा शिडी खांद्यावर टाकून कधीच पुढच्या कामाला लागलेला असायचा. जेवढं सुख त्याला मिळालं होतं, ते त्या निघून जाण्यात होतं.

ब्रश टाक आणि माझ्याबरोबर चल, असं तो भावाला म्हणाला. थोरल्यानं खाली पाहिलं. शिडी कुरकुरली.

"उतरतो… पण शिडी धर. तेवढी धर, धाकट्या…"

तीस वर्षं हे एवढंच ऐकायला त्याचे कान आसुसले होते. हात आपोआप पुढं झाले. तेवढ्यात कापड फडफडल्याचा आवाज आला. दारात बाई एक नवी चादर उलगडत होत्या.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"तेव्हा चुकून सुटली, दादा. आज जाणूनबुजून धरत नाही," तो म्हणाला. "दुखेल तेवढं दुखू दे. मरेन, मातीत जाईन. पुढं काही नसलं तर नसो. पण मी वाळेन तरी." मग बाईंकडं वळून म्हणाला, "हे काम मी घेत नाही."

कुणी अडवलं नाही. पाठीमागं ब्रश पुन्हा सुरू झाला, आणि शिडी लटलट हलल्याचा आवाज त्याला बाहेरच्या दारापर्यंत ऐकू येत राहिला. उंबरा ओलांडताच खोकल्यानं त्याला कमरेत वाकवलं. रस्त्याकडेच्या दगडावर बसून तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला, हसला, आणि भावासाठी रडलाही.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आलात ते बरं केलंत. मलाही नको तसलं." मग टॉवेल घेऊन ती त्याचं घामेजलेलं डोकं पुसू लागली आणि तिचा हात थबकला. डाव्या कानामागं, जिथं दहा वर्षांत एक काळा केस उरला नव्हता, तिथं बोटभर बट कोळशासारखी काळी होती. त्यानं कात्री मागून ती मुळापासून कापली. सकाळी बट जागच्या जागी होती. तेवढीच, बोटभर.

तेव्हापासून तो ती रोज कापू लागला. बायको आरसा धरायची. वजन उतरत होतं, खोकला वाढत होता, बाकीचे केस पांढरे होऊन गळत होते. पण कात्रीचा रोजचा नेम काही चुकला नाही.

एके दिवशी बट कापून झाल्यावर बायकोनं आरसा खाली ठेवला. तिनं पाठ केली, मान झुकवली आणि कानामागचे केस बाजूला सारले. तिथंही बोटभर बट कोळशासारखी काळी होती.

"मलाही त्या बाईंचा फोन आला होता. मीही नाही म्हणून आले. माझीही कापा," ती म्हणाली.