टेपचं दुसरं टोक

दिवा चालू राहू दे, काही बिघडत नाही. आणि धाकटे, तो मोबाईल बंद करून ठेव. मध्येच वाजला तर पहिली किंकाळी माझीच निघेल, आणि मग वर्षभर तुम्ही मामाची टिंगल करत बसाल.

हे घडलं माझ्या साडूच्या बाबतीत. तुमच्या मामीच्या बहिणीचा नवरा, तो उंच, काटकुळा, सगळ्यांच्या आधी जेवून कोपऱ्यात पेपर वाचत बसणारा. तोच. जुन्या जागा खणून काढतात ना, त्या खोदकामावर तो नकाशे काढायचा. कुठे वीट आहे, कुठे दगड आहे, मातीचा कुठला थर कुठे संपतो, सगळं मापून कागदावर उतरवायचं. हात इतका साफ की पेन्सिलीची रेघ छापल्यासारखी दिसायची.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी साडेसातला तो स्कूटर काढून निघाला. बरोबर वही, पेन्सिल, बॅटरी आणि तीस मीटरची टेप. काम अगदी किरकोळ होतं. गावाबाहेरच्या खोदकामातला तीन नंबरचा खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बुजवायचा होता आणि त्याच्या पश्चिमेच्या भिंतीची काही मापं नकाशात राहून गेली होती. खोदकाम ज्यांच्या हाताखाली चालायचं, त्या साहेबांचा फोन आला, "आजच घेऊन टाक. मी नऊच्या सुमारास येतो, वही माझ्या हातात दे." बायकोला तो म्हणाला, "ताट वाढून ठेव, आलोच."

खोदकाम होतं एका जुन्या बौद्ध मंदिराचं. दीड हजार वर्षांपूर्वीचं असेल, असं सगळे म्हणायचे. वरून बघितलं तर नुसतं मातीचं टेकाड. आत विटांचा चौथरा, पायऱ्या, भिक्षूंच्या खोल्या. मी दोनदा गेलोय तिथे. आपण वर उभे असतो आणि पायाखाली माणसांनी झाडून-पुसून वापरलेली घरं असतात. मला तर चप्पल घालून उभं राहायचीही लाज वाटली होती.

त्या तीन नंबरच्या खड्ड्यात, पश्चिमेच्या भिंतीतून, एके दिवशी एक दगडी हात बाहेर आला. नुसता हात. तळवा समोर, बोटं वर. भिऊ नका, असं सांगणारा बुद्धाचा हात. बाकीची मूर्ती मागे मातीत.

आता त्यांच्या कामात एक नियम असतो, तो नीट ऐका. खड्ड्याच्या भिंतीत वस्तू दिसली तरी भिंतीत शिरायचं नाही. वर जायचं, जमिनीपासून नवा चौकोन आखायचा आणि थर थर उतरत त्या वस्तूपर्यंत पोचायचं. त्याला तीन आठवडे लागतात. साहेबांकडे होते चार दिवस. कोणी मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर मूर्ती उभी हवी होती. साहेब म्हणाले, "खालून पोखरा. सरळ आत शिरा आणि ओढून काढा."

मुकादमाने नाही म्हटलं. हा मुकादम म्हणजे ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. माणूस तसाच ताठ चालायचा, तसाच सरळ बोलायचा, म्हणून ते नाव पडलं. तीस वर्षं मातीत गेली होती त्याची. तो म्हणाला, "साहेब, वर चार मीटर माती आहे, खाली आधार नाही. मी माझ्या माणसांना आत पाठवणार नाही."

साहेब शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. तुझी मुलगी चाळणीवर आहे ना? अंगाने बारीक आहे. तिला पाठवतो."

मुलगी तिथेच उभी होती. चाळणीतून मणी वेचायचं काम करायची. ती काही बोलायच्या आत ओळंब्याने डोक्याचं फडकं सोडलं, तिच्या हातात दिलं आणि स्वतः आत शिरला.

भिंत बसली. दुपारी दोनची वेळ. त्याला काढेपर्यंत चार वाजले.

इथपर्यंत नुसतं वाईट झालं. नीचपणा पुढे आहे. चौकशी लागल्यावर साहेबांनी माझ्या साडूला तंबूत बोलावलं. म्हणाले, "भिंतीचा नकाशा काढ. आत चार लाकडी आधार दाखव. तारीख आदल्या दिवसाची टाक." आणि माझ्या साडूने... काढले. चार आधार, सुरेख, मापात. जे कधी नव्हतेच, ते कागदावर उभे राहिले. मग चौकशीत ठरलं काय, तर आधार लावलेले होते, मुकादमानेच आपल्या डोक्याने ते काढले आणि आपल्याच हाताने मेला. तीस वर्षं ज्याने कोणाला खरचटू दिलं नाही, त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का. मुलीला कामावरून काढलं. ती तंबूबाहेर उभी राहून ओरडत होती, "आधार नव्हते! मी बघितलंय, आधार नव्हते!" माझा साडू आत पेन्सिलीला टोक करत बसला होता. हे त्याने स्वतः मला सांगितलं. माझा सख्खा साडू, पण त्या दिवशी त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं होतं, आजही वाटतं.

तर, ती मंगळवारची रात्र.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो शिडीवरून खड्ड्यात उतरला. पहारेकरी लांब रस्त्याकडच्या खोपटात. मूर्ती कधीच हलवली होती. पश्चिमेच्या भिंतीत तिच्या जागी काळी पोकळी होती, माणूस वाकून शिरेल एवढी. त्याने बॅटरी एका विटेवर ठेवली आणि टेप काढली.

टेपला दोन माणसं लागतात. एकाने शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. एकटा असलास तर टोकाची कडी खिळ्यात अडकवावी लागते. त्याने भिंतीत खिळा ठोकला, कडी अडकवली, मागे सरकला. खिळा निसटला. पुन्हा ठोकला, पुन्हा निसटला. माती भुसभुशीत होती. तिसऱ्यांदा कडी टिकली. टेप ताणली गेली. त्याने आकडा वाचला, वहीत लिहिला.

मग दुसरं माप. मग तिसरं. काम भराभर होत होतं. मान खाली, नजर वहीत. आकडा वाचायचा, लिहायचा. चौथं. पाचवं. वर्षानुवर्षांची सवय हो, हात आपोआप चालतात. ओळंबा असताना असंच चालायचं. याने आकडा लिहीपर्यंत तो पुढच्या जागेवर टोक लावून मोकळा. सांगावंसुद्धा लागायचं नाही.

सहावं माप लिहिताना पेन्सिल थांबली.

सहा वेगवेगळ्या जागांची मापं झाली होती... आणि तो एकदाही उठला नव्हता.

टेप हातात ताठ होती.

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, मला वर बघायचंच नव्हतं. नुसता टेपकडे बघत राहिला. पिवळी पट्टी. उजेडातून अंधारात गेलेली. ती सरकली... हळूच. डावीकडे. जिथे त्याने कागदावर पहिला आधार काढला होता, तिथे.

थांबली.

मग दुसऱ्या आधाराच्या जागी. मग तिसऱ्या. मग चौथ्या. चारही ठिकाणी टेप हवेतून आरपार गेली. कुठे अडली नाही. अडणार कशाला? तिथे काही नव्हतंच.

त्याने टेप सोडायला बघितली. मनगटाभोवती एक वेढा बसला होता. कधी बसला, माहीत नाही.

मग ओढ लागली.

जोरात नाही. सावकाश. बैल पाण्याकडे ओढतो तशी. गुडघे मातीत घासत तो पुढे गेला. एक हात. दोन हात. पोकळीतून गार हवा येत होती. ओल्या मातीचा वास. आत कोणी श्वास घेत नव्हतं. म्हणाला, त्याचीच भीती जास्त वाटली.

"मुकादम..."

ओढ थांबली नाही.

"मी खोटं काढलं. मला माहीत होतं."

ओढ.

"साहेबांनी..."

ओढ दुप्पट झाली. त्याचं कपाळ भिंतीला टेकलं. तोंडावर माती सांडली.

"मी काढलं! माझ्या हाताने काढलं! उद्या सांगतो... सगळ्यांना सांगतो... आधार नव्हते!"

...

टेप सैल पडली.

"कोणाशी बोलतोयस रे?"

वरून बॅटरीचा झोत. काठावर साहेब उभे होते. नऊला पाच कमी.

हा कसाबसा शिडी चढून वर आला. मनगट सोललेलं, तोंडात माती. म्हणाला, "साहेब, तो नकाशा मी मागे घेतो. उद्या पोलिसांत जातो." साहेबांनी वही ओढून घेतली, सहा मापांचं पान फाडलं, त्याचे तुकडे केले आणि खड्ड्यात सोडले. "सकाळी सातला खड्डा बुजतोय," ते म्हणाले. "मग कुठे दाखवशील? आणि तो मेलेला माणूस येणार आहे का साक्षीला?"

टेप खालीच राहिली होती. तिचा डबा शिडीला अडकलेला, पट्टी आत पोकळीत गेलेली. सरकारी वस्तू, म्हणून साहेबांनी स्वतः वाकून ती ओढायला घेतली. सहज आली. सळसळत, एकेक मीटर. शेवटी शून्याचं टोक त्यांच्या हातात आलं. त्यांनी कडी बोटांत धरली... आणि जरा थांबले. हात झटकला. "एवढी गार कशी?" म्हणाले. बस, एवढंच. टेप गाडीत टाकली आणि निघून गेले.

माझा साडू घरी गेला नाही. सरळ माझ्याकडे आला. दहाला दहा कमी असताना दार वाजलं. मी त्याचं मनगट धुतलं, पट्टी बांधली. तुमच्या मामीने खिचडी टाकली, ती तशीच राहिली. आमच्या या इथल्याच खुर्चीत तो रात्रभर बसला होता आणि मी समोर. एकदाही उठला नाही. हे मी पोलिसांनाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो, कारण पुढच्या गोष्टीसाठी ते महत्त्वाचं आहे.

पहाटे साडेपाचला फोन आला. साहेब गेले.

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार आतून बंद. बायको शेजारच्या खोलीत, तिला काहीच ऐकू आलं नाही. अंथरुणात उताणे, डोळे उघडे. छातीच्या बरगड्या दोन्हीकडच्या मोडलेल्या. डॉक्टर म्हणाले, मोठं वजन पडल्याशिवाय असं होत नाही. वजन कुठलं? वर पंखा, तो जागच्या जागी. चादरीला सुरकुती नाही. खोलीत मातीचा एक कण नाही.

वाईट वाटलं का, म्हणून विचारू नकोस. नाही वाटलं. कोणाच्या मरणावर असं बोलू नये, कळतं मला. पण त्या मुलीचं ओरडणं आठवलं की नाहीच वाटत.

माझा साडू त्याच सकाळी चौकीवर गेला. मी बरोबर होतो. सगळं लिहून दिलं, आधार नव्हते म्हणून. खड्डा बुजवणं थांबलं, चौकशी पुन्हा झाली, ओळंब्यावरचा शिक्का पुसला गेला. याची नोकरी गेली. मग तो मुलीकडे गेला, तिच्या दारात हात जोडून उभा राहिला. ती म्हणाली, "मी माफ करणारी कोण? ज्यांचा गुन्हा केलात त्यांना विचारा." आणि दार लावून घेतलं. बरोबरच बोलली.

आता एकच राहिलं. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी याला एक चिठ्ठी दाखवली. खोदकामात सापडलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधतात. कुठल्या खड्ड्यातली, कुठल्या थरातली, किती खोल. तशीच चिठ्ठी. साहेबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला, पांढऱ्या दोऱ्याने, नीट दोन गाठी मारून बांधलेली. बायकोने बांधली नव्हती. डॉक्टरने बांधली नव्हती.

पोलिसांनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

अक्षर माझ्या साडूचं होतं. छापल्यासारखं. त्यानेही ओळखलं, मीही ओळखलं. आणि तो रात्रभर माझ्यासमोर बसलेला होता...

वर लिहिलं होतं, खड्डा तीन. थर सातवा. खोली चार मीटर.

आणि खाली, जिथे नगाचा क्रमांक घालतात तिथे, दोनपैकी पहिला.