दहा कोरी बोटं

आमच्या घरात बोटं झिजतात. कुणाच्या चपला झिजतात, कुणाची जीभ झिजते, आमची बोटं. मी जन्मभर भिंगं घासली. चष्म्याची, सूक्ष्मदर्शकाची, कधी एखाद्या हौशी माणसाच्या दुर्बिणीची. यंत्राला शेवटचा हात काही नीट मारता येत नाही, म्हणून तो आम्ही उघड्या बोटानं मारतो. चिमूटभर लाल पावडर, थेंबभर पाणी आणि बोटाच्या पेरानं गोल गोल, काचेचा खरखरीतपणा पार जाईपर्यंत. हातमोजा घातला की काच बोलायची थांबते, असं माझे वडील सांगत. मी तेच भाचीला सांगितलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

भाचीला मी भिंगरी म्हणतो. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक. शाळा सुटली की घरी न जाता माझ्या दुकानामागच्या खोलीत येऊन बसायची. पुढे इंजिनियर झाली, तरी हातातली काच सुटली नाही. स्वतःच्या बोटांनी घासलेल्या एका आरशाचे फोटो तिनं परदेशातल्या एका कार्यशाळेला पाठवले. तिथं मोठमोठ्या दुर्बिणींचे आरसे तयार होतात, ज्यावर खाट टाकून झोपावं एवढाले. त्यांनी तिला वर्षभराच्या इंटर्नशिपला बोलावलं. जागा एकच होती. तीन महिन्यांत ही हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला.

व्हिसाच्या कार्यालयात मीही बरोबर गेलो. गारठलेला हॉल, एकमेकांना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, आणि फाइल छातीशी धरून बसलेली माणसं, जणू ती फाइल रांगत निघून जाणार आहे. खिडकीमागच्या बाईंनी भिंगरीचे सगळे कागद पाहिले. एकातही खोट निघाली नाही.

"आता बोटं ठेवा," बाई म्हणाल्या.

भिंगरीनं यंत्राच्या काचेवर चार बोटं ठेवली. दिवा लाल झाला.

"पुसून ठेवा."

लाल.

"जरा दाबून."

लाल. बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर चार करडे डाग होते, नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत. रेष म्हणून नाही.

"काम काय करता तुम्ही?"

"भिंगं घासते."

"मग थोडे दिवस नका घासू. रेषा परत येतात. ठशांशिवाय मला पुढं पाठवता येत नाही."

बाईंच्या स्वतःच्या चष्म्यावर अंगठ्याचा चांगला बटाट्याएवढा ठसा होता. मला तो दिसत होता आणि हात शिवशिवत होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ज्यांना ठसे आहेत ते चष्म्यावर उधळतात बघ." भिंगरी हसली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते, चोरी पकडल्यासारखे.

घरी बहिणीनं कारभार हातात घेतला. सुती हातमोजे, आत मलम, भांड्याला हात लावायचा नाही, कपड्याला नाही.

"मग जेवू कशी?"

"मी भरवते."

"आई, मी चोवीस वर्षांची आहे."

"असशील. बोटं तान्ह्या पोरासारखी मऊ पडलीयत. आ कर."

दुसऱ्या खेपेलाही दिवा लालच झाला. बाई वाईट नव्हत्या. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अजून एक तारीख देते. त्यानंतर तुमचे दिवस संपतात, मी काही करू शकणार नाही." भिंगरी घरी आली, मोजे चढवले आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मी दुकानात आलो. चष्म्याची एक जोडी घासून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवलेली होती. गिऱ्हाईक आलं म्हणून कागद उघडला, तर डाव्या काचेवर ठसा.

भिंगवाल्याला ठसा म्हणजे धोब्याला चिखल. मी गिऱ्हाइकाची माफी मागितली, ठसा पुसला. नंतर लक्षात आलं की त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी बसत नाही, आणि माझी बोटं तर भाचीपेक्षा कोरी आहेत.

दुसऱ्या दिवशी एका दुर्बिणीचं भिंग हाती घेतलं. म्हणजे खरं तर दोन भिंगं, पारदर्शक डिंकानं एकमेकांना चिकटवलेली. वर्षापूर्वी मीच चिकटवली होती. त्या दोघांच्या मधे, जिथं धुळीचा कणही शिरत नाही, तिथं एक ठसा होता. मी डोळ्याला जाडं भिंग लावून पाहिलं. बोटावरच्या रेषा दोन जातींच्या, शंख एका बाजूनं उघडा, चक्र चारी बाजूंनी बंद. हे चक्र होतं. घट्ट आणि ताजं.

मी तसा तर्कानं चालणारा माणूस. ज्या गोष्टी मी रंगवून सांगतो त्या मला ठाऊक असतात, कारण रंग माझाच असतो. हा रंग माझा नव्हता.

मग काचेचं कपाट. दुकानाच्या दर्शनी भागात ते भिंतीत बसवलेलं आहे. त्याचं कुलूप गंजून बसलंय, आत जुन्या फ्रेमा धूळ खात पडल्यात. त्याच्या काचेवर आतल्या बाजूनं एका करंगळीचा ठसा उमटला. मी बाहेरून फडकं मारलं. जाणार कसा. दुसऱ्या दिवशी करंगळीशेजारी अनामिका आली. मग मधलं बोट. रोज एकेक. पंजा पुरा झाला, तसा त्याच्या बाजूला दुसरा सुरू झाला. आत कुणी उभं राहून दोन्ही हात काचेला टेकवावेत, तसे. आत वीतभरसुद्धा जागा नाही.

मी घरी काही बोललो नाही. बहीण म्हणाली असती, दादा, म्हातारचळ लागला तुला.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी भिंगरी दुकानात आली. हातांत मोजे चढवलेले होते.

"मामा, उद्या लाल लागला तर परवापासून तुझ्या शेजारी बसते. स्टूल पुसून ठेव."

"बस की. पगार मात्र नाही."

ती हसली आणि हसता हसता थांबली. कपाटाकडे बघत राहिली.

"हे कुणाचे हात?"

"माझे नाहीत."

तिनं दातांनी एक मोजा ओढला. मग दुसरा.

"भिंगरे, नको."

"मला जायचंय, मामा," ती म्हणाली. एवढंच. आणि आपले दोन्ही तळवे काचेला लावले. बाहेरून. बोटावर बोट.

मागे खोलीत पंखा फिरत होता. त्याचा आवाज मला ऐकू येईना.

"गार आहे," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आता नाही."

तिनं हात काढले. काच आतून लख्ख होती.

दुसऱ्या दिवशी तिनं यंत्रावर बोटं ठेवली. हिरवा. दुसरा हात. हिरवा. अंगठे. हिरवा.

खिडकीमागच्या बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "काय केलंत हो?"

"विश्रांती," भिंगरी म्हणाली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

व्हिसा हाती पडला त्या दिवशी त्या हॉलमधल्या फाइली घेतलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. ओळख ना पाळख. बहीण रडत होती, मी रडत नव्हतो, माझ्या डोळ्यांत पावडर गेली होती. मी खिडकीशी गेलो, बाईंना म्हटलं, "एक मिनिट तो चष्मा द्या." त्यांनी गोंधळून दिला. दोन महिन्यांची हौस मी एका फडक्यात फेडून घेतली. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "अगंबाई, इथं भिंतीला रंग निळा आहे होय." त्या दिवशी मी राजासारखा चालत घरी आलो. बोलेल त्याला सांगितलं, न बोलेल त्याला थांबवून सांगितलं.

संध्याकाळी बहीण लेकीची बोटं हातात घेऊन बसली होती. मी आत गेलो तेव्हा तिनं मान वर केली.

"दादा, हिला दहाही बोटांवर शंख होते. न्हाऊ घालताना मोजलेत मी."

"आणि आता?"

"चक्रं आहेत. दहाही."

"मग?"

तिनं भिंगरीची बोटं एकेक करून मिटली आणि मूठ तिच्याच मांडीवर ठेवली. "मग काही नाही. बॅग भरायला घ्या. स्वेटर वरती राहू दे."

आणि पोरगी गेली. विमानात बसली, उतरली, वेळेत हजर झाली. पहिल्या दिवशी काम आटोपून तिनं मला फोन केला. आवाजात नुसतं ऊन पडलं होतं.

"मामा, आरसा बघशील तर वेडा होशील. तुझं दुकान त्यात मावेल. आणि इथंही शेवटचा हात बोटानंच मारतात. माझा हात बघून मोठे साहेब म्हणाले, हे कुठं शिकलीस? मी तुझं नाव सांगितलं."

"स्पेलिंग नीट सांगितलंस ना?"

"सांगितलं. आणि एक गंमत ऐक. आरशाच्या खोलीला बोटाचं कुलूप आहे. माझं बोट नोंदवणारा माणूस दुपारी यायचा होता. मी सकाळी उभ्या उभ्या चाळा म्हणून बोट लावलं, तर दार उघडलं."

"कुलूप बिघडलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. आत एक बाई फरशी पुसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आत्ता तर गेलीस, काही विसरलीस का?"

मी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मग?"

"मग काय, म्हटलं, नाही, आणि कामाला बसले. स्टूल अगदी माझ्या उंचीला लावलेलं होतं, मामा. अजून ऊब होती त्याला."