त्याच कापडावर तेच गाणं

माझं काम सांधे लपवण्याचं आहे. कॉम्प्युटरवर खेळणारा माणूस खेळातल्या एखाद्या झोपडीत शिरला, तर तो तिथे दोन मिनिटं थांबेल की खेळ तसाच सोडून जेवायला उठेल, हे कुणाला सांगता येत नाही. तो तिथे असेपर्यंत संगीत चालू राहायला हवं. म्हणून गाण्याचा एक तुकडा घ्यायचा, त्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडायचं आणि तो फिरत ठेवायचा. बारा वर्षांत माझा एकही सांधा कुणाला सापडलेला नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

नवा खेळ जादूच्या राज्याचा होता. राज्य खोटं, म्हणून आमच्या संगीतकाराला गाणी खरी हवी होती. स्कॉटलंडच्या बायकांनी काम करताना म्हटलेली गेलिक भाषेतली लोकगीतं आणि पूर्व युरोपातली, गळा सताड मोकळा सोडून गायची स्लाव्ह लोकगीतं, दोन्ही तो एकाच खेळात कोंबणार होता. एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड, असं मी म्हणाले तर तो हसला आणि शोधाशोध माझ्याच गळ्यात मारली.

मी ती मन लावून केली. दोन महिने जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली, शब्द वहीत उतरवले, एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडून फोनवर उच्चार घोटून घेतले. शेवटी दोन गाणी निवडली. एक स्लाव्ह, लग्न होऊन घर सोडणाऱ्या मुलीचं रडगाणं. राणी किल्ला सोडते तिथे ते एकदाच वाजणार होतं. दुसरं गेलिक, कापड बडवायचं. मागावरून काढलेलं लोकरी कापड ओलं करून बायका टेबलाभोवती बसतात आणि तासन्‌तास ते लाकडावर आपटतात. एकजण ओळ म्हणते, बाकीच्या उत्तर देतात. त्यानं कापड दाट होतं आणि आटतं. खेळात अशीच एक झोपडी होती.

ती दोन्ही गाणी मी गाणार होते. तसं कुणी म्हटलं नव्हतं, पण मी धरून चालले होते. आणि संगीतकाराला ऐकवायच्या आदल्या दिवशी माझा घसा बसला.

मी धाकट्या बहिणीला बोलावलं. ती लहान मुलांना चित्रकला शिकवते आणि गाते ती भांडी घासताना. त्याच संध्याकाळी बसक्या आवाजात तिला दोन्ही गाणी शिकवली, ओळ न्‌ ओळ, श्वास न्‌ श्वास. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत काचेपलीकडे माइकसमोर उभी राहिली आणि गायली. गेलिक गाण्याची शेवटची लांब ओळ तिनं एका दमात ओढली, बावीस सेकंद. माझा दम सतरापर्यंत पुरतो. संगीतकार खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "झालं. हाच आवाज."

मी तिचं अभिनंदन केलं आणि तिला रिक्षापर्यंत सोडायलाही गेले. आत माझा नुसता जळफळाट चालला होता.

गेलिक गाण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणासोबत एक पुस्तिका होती. तिच्यात सोळाव्या पानावर लिहिलं होतं की एका कापडावर एक गाणं एकदाच म्हणायचं. तेच गाणं त्याच कापडावर पुन्हा म्हटलं तर अशुभ. मी ते वाचलं होतं. पण अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि खेळाचं संगीत फिरत नसेल तर मग माझी गरजच काय? मी धाकटीच्या गाण्याचा तुकडा कापला आणि टोकं जुळवली. अठ्ठेचाळीस सेकंद. तो सांधा माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला सांधा होता. तिचा आवाज मला कापता येत होता, याचंही मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी ढेकूण माझ्या टेबलापाशी आला. तो खेळातल्या चुका शोधतो आणि चूक सापडली की चिकटून बसतो, म्हणून सगळे त्याला ढेकूण म्हणतात. त्यालाही ते आवडतं. झोपडीतलं गाणं सत्तेचाळीस सेकंदांचं का केलं, असं त्यानं विचारलं. मी केलं नव्हतं. फाईल उघडून पाहिली, तर खरंच सत्तेचाळीस आणि वर थोडं.

कुणी कापलं असतं तर कळलं असतं. वेग वाढवला असता तर सूर चढला असता. सूर जागच्या जागी होता, शब्द सगळे होते, सांधाही शाबूत होता. फक्त शेवटची ओळ लवकर संपत होती. मी धाकटीचं न कापलेलं मूळ ध्वनिमुद्रण काढलं, तर तेही तेवढंच आटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुकडा सेहेचाळीसवर आला, मूळही तेवढंच आटलं. शेजारच्याच कप्प्यातलं स्लाव्ह गाणं मात्र केसभरही हललं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी ढेकणाला सांगितली नाही. हेडफोन लावून ऐकलं की तिच्या आवाजाखाली थपथप ऐकू यायची. काहीतरी ओलं आणि जड लाकडावर पडत होतं. आधी एकाच जोडीचे हात वाटले. आठवड्याअखेरीस चार-पाच जोड्या झाल्या, आणि ताल एकदाही चुकला नाही.

रविवारी आईकडे जेवायला जमलो होतो. धाकटीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आई जेवण उरकून हात धुऊन येते, तरी वाक्य चालूच असतं. त्या दिवशी ती वर्गातल्या एका मुलीची गंमत सांगत होती आणि मधेच थांबली. श्वास घेतला, चार शब्द बोलली, पुन्हा थांबली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला होता आणि तो स्वच्छ होता. "जरा दम लागतो, एवढंच," ती म्हणाली. आई घाबरली होती.

मला काय वाटलं ते लपवत नाही. भीती नंतर वाटली. आधी मी मनात मोजलं, की आता तिचा दम सतराच्याही खाली आला असेल.

फाईल चाळीसवर आली तेव्हा मी तिच्या घरी गेले. भर दुपार होती, खिडक्या उघड्या होत्या. ती सोफ्यावर उशीला टेकून बसली होती. संगीतकारानं कौतुकानं तिला खेळाची कच्ची प्रत दिली होती. पडद्यावर झोपडी होती, टेबलाभोवती बायका कापड आपटत होत्या, आणि तिचं गाणं फिरत होतं. ती दिवसभर ते लावून बसायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी गायिका म्हटलं होतं.

मी सगळं सांगितलं. पुस्तिका, सेकंद, थपथप. ते बंद कर म्हणून हात जोडले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई," ती म्हणाली. श्वास घेतला. "तुला बघवत नाही..." पुन्हा श्वास. "ना?"

ते खरं होतं. खोटं असतं तर मी भांडले असते आणि तिनं कदाचित ऐकलंही असतं. तिनं आवाज वाढवला आणि मी चपला घालून निघाले.

सोमवारी सकाळी मी स्टुडिओत एकटीच गेले. आता माझा घसा मोकळा होता. मी स्वतः माइक लावला, काचेपलीकडची संगीतकाराची खुर्ची रिकामी ठेवली आणि गेलिक गाणं गायले. शेवटची ओळ सतरा सेकंदांची झाली, म्हणून आधीच्या ओळी थोड्या रेंगाळून म्हटल्या आणि अठ्ठेचाळीस भरले. टोकं जोडली. तिची फाईल काढून माझी ठेवली आणि खेळाची नवी प्रत सगळीकडे पाठवली. तिच्या घरीही.

घरचे आता म्हणतात की मी बहिणीला वाचवलं. पण गाणं एकदा वाजवून नंतर झोपडी शांत ठेवता आली असती. ते मला सुचलं होतं. बटण समोरच होतं. एकदाच वाजणारं गाणं खेळणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही, म्हणून मी ते दाबलं नाही.

पाच दिवस कुणाला पत्ता लागला नाही. सहाव्या दिवशी संगीतकार आला आणि म्हणाला, "झोपडीतल्या गाण्याचं काय केलंस? अंगावर काटा आला." आवाज माझा आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, हाच ठेवू.

त्याच संध्याकाळी धाकटीचा फोन आला. चोर, कपटी, लहानपणापासून अशीच, असं ती एका दमात बोलत सुटली. मी घड्याळ पाहत होते. मधे ती कुठेच अडली नाही.

मग खेळ बाजारात आला आणि लाखो घरांत गेला. अनोळखी लोक मला लिहू लागले. कुणी लिहिलं, झोपडीत पात्र उभं करून ठेवतो आणि स्वयंपाक करतो. कुणी लिहिलं, झोपताना तेच लावतो. मी एकूण एक पत्र वाचलं.

महिन्याभरानं ढेकूण पुन्हा आला. या वेळी तो बसला नाही.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

मी मान हलवली. मला माहीत होतं. ऑफिसचा जिना मी दोनदा बसून चढत होते. हेडफोन न लावताही खोलीत ओल्या लोकरीचा वास यायचा.

"तुझ्या बहिणीची जुनी फाईल पाहिली," तो म्हणाला. "पुन्हा अठ्ठेचाळीस भरलीय. सगळी ओळ आहे."

मी हेडफोन गुंडाळून ठेवले.

"ती फाईल नको असेल तर गाणं एकदाच वाजवू. मी दुपारपर्यंत सगळीकडे बदलून देतो. तू फक्त हो म्हण."

त्याच्या मागे काचेपलीकडे पडद्यावर झोपडी चालू होती. टेबलाभोवती आम्ही सहा बायका काढल्या होत्या. मी मोजल्या, सहाच होत्या. सगळ्या हात थांबवून माझ्याकडे पाहत होत्या.

"नको," मी म्हणाले.

श्वास घेतला.

"माझंच..."

पुन्हा घेतला.

"राहू दे."

बायकांनी मान खाली घातली आणि कापड उचललं.